तुळसाबाईच्या हातांची डीव्हीडी

मित्रांनो, मारेगावच्या बसस्टँडजवळ एक लहानसा फोटो स्टुडिओ आहे. तिथे काउंटरच्या मागच्या काचेच्या कपाटात, पासपोर्ट फोटोंच्या पाकिटांशेजारी, एक काळा व्हिडिओ कॅमेरा ठेवलेला दिसेल. त्याचा एक कोपरा तुटलेला आहे. तो मी. आता मी चालत नाही. बटण दाबलं तर माझा दिवासुद्धा लागत नाही. फोटो काढायला आलेली मुलं माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, "हे काय हाये जी?" तेव्हा स्टुडिओचा मालक संघदीप त्यांना माझी हकिगत सांगू लागतो, पण तेवढ्यात कुणी झेरॉक्सला येतं आणि ती अर्धीच राहते. म्हणून ती पुरी मीच सांगतो.

माझा जन्म दूर जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे बारीक स्क्रू आवळले. गाण्यांच्या कॅसेटएवढीच, आठ मिलिमीटरच्या फितीची कॅसेट माझ्या पोटात बसायची आणि समोरचं सगळं मी त्या फितीवर उतरवून घ्यायचो. जहाजातून मुंबई, तिथून ट्रकने नागपूर असा मी आलो. एकोणीसशे नव्याण्णव साली संघदीपने नागपूरच्या दुकानातून मला घेतलं आणि एसटीत मारेगावपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही. शेजारच्या बाईने लहान लेकरू असेल असं समजून वाकून पाहिलं होतं.

संघदीपचं घर मारेगावपासून तीन मैलांवरच्या गावात. वडील गोविंदा हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचे. आई तुळसाबाई घरचा दोन एकराचा तुकडा सांभाळायची आणि दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची. मला खोक्यातून नव्हे, धोतराच्या जुन्या फडक्यातून बाहेर काढून संघदीपने तिच्या पुढ्यात धरलं. तिने मला उलटंपालटं करून पाहिलं, काचेत डोकावली, आणि एकही शब्द बोलली नाही. मला वाटलं, मी तिला आवडलो नाही.

नंतर कळलं. चार वर्षांची असताना आलेल्या तापाने तुळसाबाईचे कान गेले होते, आणि कान गेल्यावर तोंडातली बोलीही उमललीच नाही. शाळा तिने पाहिली नाही. पण ती मुकी होती असं मला कधी वाटलं नाही. ती हातांनी बोलायची. ही भाषा तिला कुणी शिकवलेली नव्हती. थोडी तिने स्वतः केली, थोडी लग्नानंतर गोविंदाबरोबर झाली, थोडी लहानग्या संघदीपने वाढवली. खांद्यावरची रुई झटकली की गोविंदा. दोन्ही तळहात पारड्यांसारखे खालीवर केले की बाजार. एका बोटाने मिशी पिळली की पोलीस पाटील, आणि तीच मिशी दोन्ही हातांनी पिळली की पोलीस पाटलाचा सासरा. गावात ज्याची नक्कल तिला येत नसेल असं माणूस नव्हतं. ती बोलू लागली की बायका निंदण थांबवून हसायच्या.

अशा आईच्या हाताखाली वाढलेल्या मुलाची नजर तेज होणारच. संघदीप वणीला एका फोटोग्राफरकडे काम शिकला आणि मारेगावला त्याने स्टुडिओ टाकला. मला घेऊन तो लग्नांचं चित्रण करू लागला. नामकरणं, चौदा एप्रिलच्या मिरवणुका, मास्तरांचे निरोप समारंभ, सगळीकडे मी गेलो. लोक मला पाहून पदर सावरायचे, केस नीट करायचे. त्या काळी माझा फार मान होता. काम झालं की संघदीप मला तारा लावायचा, मी माझी कॅसेट चालवायचो आणि ती मोठ्या व्हिडिओ कॅसेटवर उतरायची. तीच गिऱ्हाइकाला जायची. माझ्या लहान कॅसेटवर मग पुढचं लग्न.

दुसऱ्या वर्षी एका वरातीत संघदीप टेम्पोच्या टपावर बसून चित्रण करत होता. टेम्पो खड्ड्यात गेला आणि मी त्याच्या हातातून सुटून रस्त्यावर आपटलो. कोपरा तुटला. माझ्या पोटात, जिथून फीत फिरते तिथेही काहीतरी केसभर सरकलं. ते मला जाणवलं, पण सांगणार कसं? संघदीपने मला उचलून सदऱ्याने पुसलं.

सकाळी अंगणात त्याने मला तपासायला काढलं. समोर तुळसाबाई कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिने वळून पाहिलं, माझा तुटका कोपरा तिच्या नजरेला पडला, आणि सूप खाली ठेवून तिने दोन्ही हातांनी मुलाला अशी खडसावायला सुरुवात केली की कोंबड्याही लांब पळाल्या. टेम्पो, खड्डा, बावळट मुलगा, सगळं तिने हातांनी उभं केलं. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं! संघदीप हसत हसत चित्रण करत राहिला. मग त्याने फीत मागे नेऊन माझ्यातच पाहिली. चित्र लख्ख होतं. "वाचला बाप्पा!" तो म्हणाला, आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

ती तुळसाबाईची पहिली कॅसेट. संघदीपने ती पुसली नाही. त्यानंतर जेव्हा सवड मिळेल तेव्हा तो आईला टिपत राहिला. भाकरी थापताना, वावरात, तुरीच्या शेंगा सोलताना बायकांना गोष्ट सांगताना. तीन वर्षांत पाच कॅसेट झाल्या. पण एक गोष्ट राहून गेली, मित्रांनो. त्या कॅसेट त्याने आईला बसवून कधी दाखवल्या नाहीत. माझ्या इवल्याशा भिंगात दोन क्षण दाखवायचा, तेवढंच. एकदा सगळं नीट जोडून टीव्हीवर दाखवू, असं तो म्हणायचा.

ती वर्षं आमच्या जिल्ह्याला कठीण गेली. कापूस घरात यायचा आणि भाव पडायचा. लोक लग्नं पुढे ढकलू लागले, आणि जी व्हायची त्यांत शूटिंग नको म्हणू लागले. बाहेरगावचे मोठमोठे कॅमेरे मात्र गावोगाव फिरू लागले. एकदा अशाच एका साहेबांना वाट दाखवायला संघदीप गेला होता. मी त्याच्या गळ्यात होतो. साहेबांना वावरात कापूस वेचणारी तुळसाबाई दिसली.

"या बाईंना जरा बांधावर बसवा. डोक्याला हात लावून," साहेब म्हणाले.

"माय हाये माही. तिले आयकू येत नाई," संघदीप म्हणाला.

"मग तर फारच चांगलं."

संघदीपचा चेहरा उतरला. तुळसाबाईने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, साहेबांच्या हाताच्या खुणांकडे पाहिलं, आणि तिला सगळं उमगलं. ती धुऱ्यावर जाऊन बसली. डोक्याला हात लावला. क्षणभर इतकी दुःखी दिसली की साहेब खूश होऊन कॅमेऱ्यामागे वाकले. तेवढ्यात ती उठली आणि तिने साहेबांचीच नक्कल केली. एक डोळा मिटलेला, तोंड वाकडं, पाय फाकलेले, आणि दुसऱ्या हाताने कुणाला तरी "रड, रड" असं खुणावणं! वेचणाऱ्या बायकांच्या ओटीतला कापूस सांडला.

"सायेब, माय हासून राह्यली. घ्या नं हासतानी," संघदीप म्हणाला.

साहेबांनी सामान आवरलं. नकलेसकट त्यांचं आवरणंही मी टिपून घेतलं.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यानंतर संघदीप आणि त्याची बायको प्रियंका यांना मुलगी झाली. नोव्हेंबरात घरी नामकरण झालं. वंदना झाली, पाळणा हलला, आत्याने बाळाच्या कानात "मैत्रेयी" म्हटलं, आणि सगळ्यांनी ते नाव आनंदाने पुन्हा पुन्हा उच्चारलं. तुळसाबाईला ते ऐकू येणार नव्हतं. तिने आपल्या परीने बाळाला नाव दिलं. पाळण्याशेजारी उभी राहून, हातांनी, तीन वेळा. संघदीपचा डोळा माझ्या भिंगाला होता, पण त्याचं लक्ष बाळाकडे होतं. बाकीचे बत्ताशे वाटत होते. त्या नावाला साक्षी एकटा मीच. चित्राच्या कडेला, पण स्वच्छ, ते माझ्या फितीवर उतरलं. ही पाचवी कॅसेट.

त्यानंतर आठवडाभरात तुळसाबाई वावरात वेचता वेचता खाली कोसळली. यवतमाळच्या दवाखान्यात ती पंधरा दिवस होती. जीव वाचला, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण लकव्याने उजवा हात गेला तो गेलाच.

आता पाहा, तुळसाबाईच्या भाषेत डावा हात बहुतेक वेळा आधाराचा. तो परडी व्हायचा, जमीन व्हायचा, ताट व्हायचा. बोलायचं काम उजव्याचं. उजवा गेल्यावर उरली ती फक्त परडी. ती डावा तळहात पुढे करायची आणि घरच्यांना अंदाज बांधावा लागायचा. कधी बरोबर यायचा, बहुतेकदा चुकायचा. हळूहळू तिने बोलणंच कमी केलं. संघदीप मला डोळ्याला लावायचा, तिच्या मांडीवर पडलेला तो हात त्याला दिसायचा आणि तो मला खाली ठेवायचा. शेवटी त्याने नवा डिजिटल कॅमेरा घेतला आणि मला नेरच्या बबनरावांना विकलं. पाच कॅसेट बिस्किटाच्या डब्यात ठेवून दिल्या.

बबनराव एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीला दोन महिने राहिले असताना त्यांनी मला घेतलं. त्यांच्या शेवटच्या फेरीचं चित्रण त्यांच्या मुलाने माझ्यावर केलं. प्रवाशांनी हार घातले, कंडक्टर रडला, आणि बबनरावांनी स्टिअरिंगला नमस्कार केला. नंतर ती कॅसेट सीडी करायला ते यवतमाळच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, यात चित्रच नाही, नुसत्या रेघा आहेत. बबनरावांनी मला पत्र्याच्या पेटीत टाकलं आणि वर सोलापुरी चादरी रचल्या. मी तिथे चार वर्षं होतो. डांबराच्या गोळ्यांचा वास, वरून झाकण, आणि पोटात तीच कॅसेट. कुणी हाक मारत नव्हतं. वस्तूला भूक नसते, पण विसरलं जाणं तिलाही कळतं.

आणि एके दिवशी झाकण उघडलं. संघदीपचा चेहरा मी लगेच ओळखला. थोडा पोक्त झाला होता.

"फसवलं तुमी मले," बबनराव दारातूनच म्हणत होते. "वाईट कॅमेरा गयात मारला. माहा आखरीचा दिवस गेला त्याच्यात."

"काका, मले खरंच मालूम नोयतं," संघदीप म्हणाला. "माह्या मायच्याबी कॅसेटा कुठंच चालून नाई राह्यल्या. म्हनूनच आलो."

मग त्याने बसून सगळं सांगितलं, आणि मलाही मधली हकिगत तेव्हाच कळली. स्टुडिओत आता लोकांच्या जुन्या कॅसेटवरून डीव्हीडी बनवायचं काम जोरात होतं. कॉम्प्युटर प्रियंका सांभाळायची. एक दिवस ती म्हणाली होती, "लोकाईच्या लग्नाच्या कॅसेटा रोज करता. मायच्या कवा करसान?" संघदीपने डबा काढला, आठ मिलिमीटरचा एक चांगला कॅमेरा उसना आणला, पहिली कॅसेट घातली, तर पडद्यावर नुसतं खरखर आणि रेघा. दुसरा कॅमेरा आणला, तेच. शेवटी तो यवतमाळला हरिसिंग मिस्त्रीकडे गेला. टीव्ही आणि व्हिडिओ दुरुस्त करण्यात हरिसिंगचे केस पांढरे झालेले.

हरिसिंगने कॅसेट न पाहताच विचारलं होतं, "शूटिंगवाला कॅमेरा कधी पडला व्हता का?"

"हो. टेम्पोवरून."

"मंग थ्यानं त्या दिवसापासून वाकडं लिव्हलं. सोताचं वाकडं अक्षर थोच वाचीन, दुसऱ्याले नाई येत. थो कॅमेरा हुडक."

हे ऐकून बबनराव दारातून आत आले. संघदीपने मला चार्जर लावला. माझा दिवा मिणमिणला. त्याने बटण दाबलं, माझ्या पोटातली फीत कुरकुरत फिरली, आणि माझ्या भिंगात हारांनी भरलेली लाल एसटी दिसली. संघदीपने मला म्हाताऱ्याच्या डोळ्याला लावलं. ते बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "कंडक्टर गेला मागच्या साली. पाय नं, कसा रडून राह्यला."

त्यांनी मला फडक्यात गुंडाळून स्वतः स्टँडपर्यंत आणून दिलं. "माही डीव्हीडीबी करजा," एवढंच म्हणाले.

मारेगावला आल्यावर संघदीपने माझं पोट उघडलं. हरिसिंगने बजावून सांगितलं होतं की कापूस अजिबात लावायचा नाही, त्याचे तंतू फीत वाचणाऱ्या डोक्यात अडकतात. आमच्या कापसाच्या मुलखात कापूस चालत नाही अशी ती एकच जागा असेल. मऊ कातड्याच्या तुकड्याला स्पिरिट लावून त्याने मला पुसलं. मग लाल, पिवळी आणि पांढरी तार माझ्यातून कॉम्प्युटरला जोडली.

मित्रांनो, कॅसेट झटकन डीव्हीडीवर जात नाही. तासाभराची फीत उतरायला पुरा तास लागतो. मी चालवत राहायचं, कॉम्प्युटरने टिपत राहायचं. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा भारनियमन असं होतं की दिवसातून मोजके तास वीज यायची. वीज आली की प्रियंका गिऱ्हाइकांना थांबवून आधी मला सुरू करायची. दिवसाला एक कॅसेट. आधी बबनरावांची केली, कारण संघदीपला ती टोचणी होती. मग तुळसाबाईची पहिली, दुसरी, तिसरी. गोविंदा रोज सायकलने येऊन स्टुलावर बसायचे आणि सांगायचे, "हे बाजाराचं हाये. हे पान्याचं. आता थे माही चुगली करून राह्यली."

चौथ्या कॅसेटला माझी मोटर कण्हू लागली. चित्र मधूनच फाटायचं. मी दमलो होतो. कसाबसा शेवटापर्यंत पोहोचलो, तर अंगातून जळका वास आला. संघदीपने मला बंद केलं.

"बस झालं," तो म्हणाला. "पाचवी राहू द्या. नामकरनाची हाये, त्याचे फोटो हायेत आपल्याजवळ. हा आता फीत खाऊन टाकीन."

मित्रांनो, त्या वेळी मला बोलता आलं असतं तर! पाचव्या कॅसेटवर काय आहे ते त्या खोलीत मलाच ठाऊक होतं. फोटोत ते नव्हतं, कुणाच्या आठवणीत नव्हतं. पण मी कॅमेरा. मला दाखवता येतं, सांगता येत नाही.

गोविंदा स्टुलावरून उठले नाहीत. त्यांनी डब्यातली कॅसेट हातात घेतली. "लाव," ते म्हणाले.

"बाबा, मशीन जाईन कायमचं."

"जाऊ दे. तिचे दोन हात धड व्हते थे आखरीचे दिवस हायेत. लाव."

संघदीपने मला तासभर थंड होऊ दिलं, पुन्हा पुसलं आणि कॅसेट घातली. मी निघालो. वंदना झाली. पाळणा आला. माझ्या मोटरचा आवाज वाढला, प्रियंकाने मला पुठ्ठ्याने वारा घातला. आत्या वाकली. सतराव्या मिनिटाला तुळसाबाई चित्राच्या कडेला आली. कुणीच पडद्याकडे पाहत नव्हतं, सगळे माझ्याकडे पाहत होते. मी ओढत राहिलो. एकदा, दोनदा, तीनदा. त्या तिन्ही खुणा कॉम्प्युटरमध्ये गेल्या. त्यानंतर थोडं पुढे गेलो आणि थांबलो. संघदीपला माझं झाकण स्क्रू ड्रायव्हरने उघडून कॅसेट काढावी लागली. माझा दिवा विझला तो पुन्हा लागला नाही.

पुढचे दोन आठवडे प्रियंका डीव्हीडी बनवत होती. फीत उतरली म्हणजे डीव्हीडी झाली असं नसतं. नको ते काढायचं, तुकडे करायचे, आणि सुरुवातीला एक पान तयार करायचं, ज्यावरून हवा तो तुकडा निवडता येतो. संघदीप म्हणाला, प्रत्येक बटणावर नाव लिही.

"मायले वाचता येते का? अक्षरं कायले पायजे?" प्रियंका म्हणाली. तिने प्रत्येक बटणावर तुळसाबाईच्या हातांचं लहानसं चित्र बसवलं. बाजाराच्या तुकड्याला बाजाराचे हात, पाटलाच्या तुकड्याला मिशी. पाळण्याजवळचे हात तिला कळले नाहीत, पण ते स्पष्ट दिसत होते म्हणून तेही तिने एका बटणावर ठेवले.

एका रविवारी दुपारी, वीज असताना, सगळे गावातल्या घरी टीव्हीसमोर बसले. संघदीपने मलाही बरोबर आणलं होतं. माझं तिथे काही काम नव्हतं. तरी त्याने मला टीव्हीच्या शेजारी ठेवलं.

मैत्रेयी आता साडेचार वर्षांची होती. आजीशी तिची ओळख एका हाताचीच. आजी डावा तळहात पुढे करायची, आणि मैत्रेयी धावत जाऊन पाण्याचा पेला आणायची. घरच्यांनीच तिला तसं शिकवलं होतं. परडी म्हणजे पाणी. आणि तुळसाबाई दर वेळी नातीकडे थोडा वेळ पाहायची आणि तहान असो नसो, तो पेला पिऊन टाकायची.

पडद्यावर कोंबड्यांचं अंगण आलं आणि तुळसाबाई मुलाला खडसावू लागली. खाटेवर बसलेल्या तुळसाबाईने आधी पडद्यावरच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग मांडीवरच्या. तिचा चेहरा असा झाला की संघदीपला वाटलं, आपण फार मोठी चूक केली. तो बंद करायला हात पुढे नेऊ लागला, तेव्हा तिने डाव्या हाताने त्याच्या हातावर चापट मारली. पाहू दे मला!

तिने सगळं पाहिलं. साहेबांच्या नकलेला ती इतकी हसली की काठी खाली पडली. मैत्रेयी आजीकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने पाहत होती. ही एवढं बोलायची? मग पाळणा आला. कडेला तुळसाबाई. तिने डावा तळहात परडीसारखा धरला, त्यात उजवी मूठ ठेवली, आणि मुठीची बोटं हळूहळू, एकेक करून उघडली. बोंड फुटतं तशी. मग पाळण्याकडे बोट केलं. पुन्हा परडी, पुन्हा मूठ, पुन्हा फुटणारं बोंड, पुन्हा पाळणा.

गोविंदा पुढे सरकले. "थांबव, थांबव. मागं घे." त्यांनी पुन्हा पाहिलं. "अवो, हे तं नाव हाये! पोरीचं नाव ठिवून राह्यली थे. अन् आपून चार सालापासून..."

त्या घरात तुळसाबाई चार वर्षं नातीला नावाने हाक मारत होती आणि तिला पाणी मिळत होतं.

तुळसाबाईने सगळ्यांचे चेहरे पाहिले. त्यांना कळलं आहे, हे तिला कळलं. तिने आपला डावा तळहात मैत्रेयीपुढे धरला. सवयीने मैत्रेयी पाण्यासाठी उठली, दोन पावलं गेली आणि थबकली. पडद्याकडे वळली. तिथे बोंड थांबलेलं होतं. ती परत आली, आजीच्या तळहातावर तिने आपली उजवी मूठ ठेवली आणि बोटं एकेक करून उघडली.

"मी?" तिने विचारलं.

प्रियंका पदराने तोंड झाकून आत निघून गेली. संघदीप माझ्याकडे पाहत होता. मी ते टिपू शकत नव्हतो, आणि त्यानेही नवा कॅमेरा काढला नाही.

तेव्हापासून त्या दोघी मिळून बोलतात. परडी आजीची, वरचा हात नातीचा. आजी डोळ्यांनी सांगते, नात करते, चुकलं तर टपली खाते. त्यांची भाषा आता वाढतेसुद्धा आहे. मोबाइल आला, त्याची खूण झाली. गावात नवी सरपंच बाई आली, तिची झाली. बबनरावांना त्यांची डीव्हीडी नेरच्या गाडीने एका ड्रायव्हरच्याच हाती पाठवली. त्यांचा फोन आला, "सगये पाहून राह्यले. चौथ्यांदा लावली."

मित्रांनो, आता माझं थोडं ऐका. तुमच्याही घरी कुठे डब्यात, कुठे चादरींखाली कॅसेट असतील. आज नको, उद्या बघू असं म्हणू नका. फितीला बुरशी येते, आणि माझ्यासारखे ती वाचणारे संपत चालले आहेत. डीव्हीडी केली तरी ती एकच ठेवू नका, तिच्यावरही चरे पडतात. प्रियंकाने तीन केल्या. आणि सगळ्यात आधी, ज्याचं चित्रण आहे त्यालाच ते दाखवा. तो समोर बसून पाहू शकतो आहे तोवर.

माझी एक विनंती मात्र फार मोठी आहे. पाचवी कॅसेट अर्धी राहिली आहे. हरिसिंग म्हणतो, माझ्याच जातीचा एखादा चालू कॅमेरा मिळाला तर तो त्याचं आतलं थोडं सरकवून माझ्यासारखा वाकडा करून देईल, मग तोही माझं अक्षर वाचेल. कुणाच्या घरी असा कॅमेरा नुसता पडून असेल, तर मारेगावच्या स्टुडिओत आणून द्या. पुढे काय आहे ते मला पाठ आहे. पाहुणे जेवायला बसलेत, अंगणात ऊन आहे, आणि तुळसाबाई पाय पसरून, मांडीवर निजलेल्या मैत्रेयीला, दोन्ही हातांनी, एक लांबलचक गोष्ट सांगते आहे. ती अजून कुणी पाहिलेली नाही.